हरणारीकडे पाहा : जपानच्या ‘स्टारडम’ महिला कुस्तीविषयी

टोकियोत सुइदोबाशी स्थानकाबाहेर पडून टोकियो डोमच्या दिशेने चालू लागले की थोड्याच अंतरावर एक जुनी इमारत लागते आणि तिच्या पाचव्या मजल्यावर कोराकुएन हॉल आहे. १९६२ साली सुरू झालेल्या या सभागृहात जपानमधली मुष्टियुद्धे आणि व्यावसायिक कुस्त्या साठ वर्षांहून अधिक काळ होत आल्या आहेत. आत दीड-दोन हजारांपलीकडे माणसे मावत नाहीत, आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकालासुद्धा रिंगमधल्या मुलीला धाप लागलेली दिसते. ‘स्टारडम’ या महिला कुस्ती संस्थेचा कार्यक्रम मी पहिल्यांदा इथेच पाहिला. त्यानंतर कधी इथे, कधी मोठ्या अरीनांमध्ये आणि पुष्कळदा घरी पडद्यावर ही कुस्ती मी पाहत आले आहे. मराठीत तिच्याविषयी फारसे काही माझ्या वाचनात आले नाही, म्हणून हे परीक्षण जरा सविस्तर लिहिते आहे.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली. पुण्यात जपानी भाषा शिकले आणि नोकरीनिमित्त टोकियोत आले. आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरायचा, हलगीचा आवाज आमच्या परसदारापर्यंत यायचा आणि वडील भावाला खांद्यावर बसवून फडावर घेऊन जायचे. मुलींनी तिकडे जायची रीत नव्हती. रात्री जेवताना भाऊ सांगायचा तेवढीच कुस्ती माझ्या वाट्याला आली, आणि तो नेहमी जिंकणाऱ्याविषयीच सांगायचा. पडलेला पैलवान उठून, अंगावरची माती झटकून गर्दीत कुठे गेला, हे त्याने कधी पाहिलेच नसायचे. २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती गदा जिंकली, तेव्हा मी टोकियोत होते आणि ती लढत मोबाइलवर पाहताना मला रडू आवरले नव्हते. हे सगळे आधीच सांगते, कारण ‘स्टारडम’ मला का आवडते याचे निम्मे उत्तर त्यात आहे.

मराठी वाचकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो आणि तो रास्तही आहे : ही नुरा कुस्तीच ना? होय, निकाल आधी ठरलेला असतो. आपल्याकडे नुरा कुस्तीला फसवणूक म्हणतात, कारण फडावर आलेला माणूस निकाली कुस्तीच्या बोलीवर आलेला असतो. कोराकुएन हॉलमध्ये तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाशी अशी कोणतीही बोली झालेली नसते. आपण काय पाहायला आलो आहोत हे त्याला पुरते ठाऊक असते. दशावतारात शेवटी कोणाचा वध होणार हे माहीत असूनही कोकणातला प्रेक्षक पहाटेपर्यंत मांडी घालून बसतो, त्यातलाच हा प्रकार आहे. फरक एवढाच, की इथे आपटणे खरे असते. वरच्या दोरावरून उडी घेतलेली मुलगी खरोखरच दोन-अडीच मीटरवरून खाली येते, कोपराचे तडाखे छातीवर खरोखरच बसतात आणि सामना संपेपर्यंत गळ्याखालची कातडी लालभडक झालेली असते. प्रतिस्पर्धी मुलगी आपल्याला नीट झेलेल, आपली मान सांभाळेल, या भरवशावर प्रत्येक डाव टाकला जातो.

तो भरवसा तुटला तर काय होते, हेही याच संस्थेने याच सभागृहात पाहिले आहे. २२ फेब्रुवारी २०१५ रोजी योशिको आणि अॅक्ट यासुकावा यांच्या लढतीत योशिकोने ठरलेले सगळे बाजूला सारून समोरच्या मुलीच्या चेहऱ्यावर खरेखुरे ठोसे मारले. यासुकावाच्या चेहऱ्याची हाडे मोडली, लढत थांबवावी लागली आणि त्याच वर्षअखेर तिने निवृत्ती घेतली. जपानी वृत्तपत्रांत क्रीडापानाबाहेरही गाजलेली ही घटना संस्थेच्या इतिहासातला काळा दिवस आहे. ‘स्टारडम’ची शिफारस करताना मी ती झाकून ठेवू इच्छित नाही, कारण ज्याला ही कुस्ती समजून घ्यायची आहे त्याला तिचा पाया किती नाजूक आहे हे कळायला हवे.

आता प्रत्यक्ष संध्याकाळीकडे वळते. कार्यक्रमात साधारण सात-आठ सामने असतात आणि सगळे मिळून अडीच ते तीन तास लागतात. पहिला सामना बहुधा नवख्या मुलींचा असतो आणि पुष्कळसे प्रेक्षक तेवढ्या वेळात बाहेर टी-शर्ट आणि टॉवेल घेण्याच्या रांगेत उभे असतात. मी सर्वांना कळकळीने सांगेन, की तो सामना चुकवू नका. मी पाहिलेल्या एका पहिल्या सामन्यात पदार्पणाला जेमतेम काही आठवडे झालेली एक मुलगी होती. तिच्यापाशी डावांचा साठा असा नव्हताच : एक ड्रॉपकिक (उडी घेऊन दोन्ही पायांनी मारलेली लाथ), एक उचलून आपटणे, कोपराचे फटके आणि भरपूर आवाज. जपानी कुस्तीत नवख्यांना आधी एवढ्याच शिधेवर दिवस काढावे लागतात. पाचेक मिनिटांत समोरच्या अनुभवी मुलीने तिला पालथे पाडून, दोन्ही पाय बगलेत धरून, पाठीवर बसून मागे वाकवले. या पकडीला इंग्रजीत खेकड्याचे नाव आहे आणि जपानीत ‘उलटी कोळंबी’ म्हणतात. शेपटीकडून उलट वाकवलेली कोळंबी डोळ्यांपुढे आणली की वेगळे वर्णन करायला नको. रिंगच्या दोराला हात लागला की पकड सोडावी लागते. ती मुलगी कोपरांवर सरपटत दोराकडे निघाली. बोटांची टोके आणि दोर यांच्यात वीतभर अंतर राहिले, लोक तिचे नाव घेऊन ओरडू लागले, आणि तेवढ्यात तिला पायांनी फरफटत पुन्हा मधोमध आणण्यात आले. तिने आणखी थोडा वेळ तग धरला, मान हलवून पंचाला नाही नाही म्हटले आणि अखेर तळहाताने मॅटवर तीनदा थाप मारून हार मानली. बाहेर पडताना तिने चारही दिशांना कंबरेतून वाकून नमस्कार केला. टाळ्या जिंकलेल्या मुलीला मिळाल्या त्याहून जास्त तिला मिळाल्या.

‘स्टारडम’चे वैशिष्ट्य मला इथे सापडते. ही संस्था हरण्याला जागा देते, वेळ देते आणि त्याची नोंद ठेवते. आज हरलेली मुलगी पुढच्या महिन्यात कोणाशी लढणार, कोणती पकड शिकून येणार, कोणाची साथ सोडणार, हे आजच्या हारेतून ठरते आणि नियमित येणारा प्रेक्षक ते वर्षानुवर्षे लक्षात ठेवतो.

या सगळ्याची परंपरा जुनी आहे. १९६८ साली मात्सुनागा बंधूंनी स्थापन केलेली ‘ऑल जपान विमेन्स’ ही संस्था २००५ पर्यंत चालली, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत तिच्या कुस्त्या दूरचित्रवाणीवरून जपानभर पाहिल्या जात. तिथल्या मुलींना मद्य, सिगारेट आणि पुरुष या तिन्ही गोष्टी वर्ज्य होत्या आणि पंचविशी-सव्विशीत निवृत्त व्हावे लागे. २८ ऑगस्ट १९८५ रोजी ओसाकात डंप मात्सुमोतोने चिगुसा नागायोला हरवून, ठरल्याप्रमाणे रिंगमध्येच तिचे केस उतरवले, तेव्हा प्रेक्षागृहातल्या शाळकरी मुली हमसून रडल्या होत्या. त्या काळी महिला कुस्तीचा प्रेक्षकवर्ग मुख्यतः शाळकरी मुलींचाच होता. आज कोराकुएन हॉलमध्ये मध्यमवयीन पुरुष बहुसंख्य दिसतात; अलीकडे तरुण मुली पुन्हा येऊ लागल्या आहेत ही मला समाधानाची गोष्ट वाटते.

‘ऑल जपान विमेन्स’मध्ये उमेदवारी केलेले रॉसी ओगावा, कुस्तीगीर नानाए ताकाहाशी आणि प्रशिक्षक फुका यांनी २०१० साली ‘स्टारडम’ उभी केली आणि २३ जानेवारी २०११ रोजी टोकियोच्या शिन-किबा भागातल्या छोट्याशा सभागृहात पहिला कार्यक्रम झाला. त्या दिवशी पदार्पण केलेल्या मुलींमध्ये यामागुची प्रांतातून घर सोडून आलेली मायू इवातानी होती. शाळा सुटलेली, बराच काळ घरातून बाहेरही न पडलेली, अंगाने काटकुळी अशी ही मुलगी पहिले कित्येक महिने फक्त हरत राहिली. तालमीत ती सर्वांच्या मागे असे, हे तिनेच पुढे अनेकदा सांगितले आहे. २०१७ साली तिने संस्थेचे अजिंक्यपदाचे दोन्ही मुख्य पट्टे एकाच वेळी कमरेला बांधले, आणि असे करणारी ती पहिलीच होती. २३ एप्रिल २०२३ रोजी योकोहामा अरीनात तिने अमेरिकेतून आलेल्या मर्सिडीज मोनेला हरवून ‘न्यू जपान प्रो रेसलिंग’ या कुस्ती संस्थेचे आयडब्ल्यूजीपी महिला अजिंक्यपद मिळवले. तिचे पडणे हीच तिची खासियत होती. प्रतिस्पर्ध्याने मागे फेकले की ती मानेवर आणि खांद्यांवर अशी आदळायची, की पाहणाऱ्याचा हात आपसूक तोंडावर जायचा, आणि तरीही पंचाची तिसरी थाप पडायच्या आत तिचा खांदा उचललेला असायचा (दोन्ही खांदे टेकलेले असताना पंचाने मॅटवर तीन थापा मारल्या की हार होते). २०२५ च्या एप्रिलमध्ये तिने संस्था सोडली. तिच्याविषयी मला जे वाटते ते आमच्या गावातले जुने लोक त्यांच्या लाडक्या पैलवानाविषयी बोलतात तसेच आहे, त्यात तटस्थपणा नाही.

दोन मुख्य पट्ट्यांविषयी थोडे सांगायला हवे. ‘वर्ल्ड ऑफ स्टारडम’ हा लाल पट्टा सर्वोच्च मानला जातो आणि ‘वंडर ऑफ स्टारडम’ हा पांढरा पट्टा त्याच्या खालोखाल येतो. चाहत्यांच्या बोलण्यात मात्र लाल पट्टा बळाचा आणि पांढरा पट्टा मनाचा, अशी वाटणी झालेली आहे. पांढऱ्या पट्ट्याच्या लढतींत हेवा, जुनी मैत्री, अपमान यांचे हिशोब चुकते केले जातात. याशिवाय जोडीचे, तिघींच्या संघाचे, वेगवान शैलीचे आणि नवोदितांचे असे वेगळे पट्टे आहेत. वेगवान शैलीच्या पट्ट्यासाठी आझुमी किंवा मुखवटाधारी स्टारलाइट किड लढत असेल तर पापणी लवू देऊ नये. आझुमीने वयाच्या अकराव्या वर्षी, २०१३ मध्ये, पदार्पण केले होते, आणि दोरावरून उसळून येताना तिच्या पावलांना कुठे विचार करावा लागत असेल असे वाटतच नाही.

पांढऱ्या पट्ट्याची सर्वांत गाजलेली लढत ३ मार्च २०२१ रोजी निप्पॉन बुदोकानमध्ये, संस्थेच्या दहाव्या वर्धापनाच्या कार्यक्रमात झाली. जपानमध्ये ३ मार्च हा मुलींचा, बाहुल्यांच्या सणाचा दिवस असतो. जुलिया आणि ताम नाकानो यांच्यात ठरले होते, की हरेल तिचे केस जातील. कोविडचा काळ होता, टोकियोत आणीबाणीचे निर्बंध होते, प्रेक्षकांना ओरडायला बंदी होती आणि फक्त टाळ्यांना परवानगी होती. जुलिया हरली. रिंगमध्ये खुर्ची आली, यंत्र फिरू लागले, लांबसडक केसांचे झुपके मॅटवर पडत गेले, आणि हजारो माणसांनी भरलेल्या त्या सभागृहात यंत्राची घरघर ऐकू येत होती. मी हे घरी पडद्यावर पाहिले. १९८५ सालच्या ओसाकाशी त्याची तुलना अनेकांनी केली आहे, पण मला त्या दोन प्रसंगांत मोठा फरक वाटतो. ओसाकात केस उतरवणारी खलनायिका होती आणि तो विजेतीचा उन्माद होता. बुदोकानमध्ये सगळे डोळे हरलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर होते, आणि त्या चेहऱ्याने पुढची तीन वर्षे संस्थेला तोलून धरले.

त्याच वर्षी १२ जूनला उतामी हायाशिशिता आणि श्युरी यांच्यात लाल पट्ट्यासाठी जी लढत झाली, ती नव्या प्रेक्षकाने अवश्य शोधून पाहावी. अर्ध्या तासाची मुदत संपली तरी निकाल लागला नाही, म्हणून वेळ वाढवून दिली गेली आणि शेवटी दोघीही उठू न शकल्यामुळे पट्टा जिथल्या तिथे राहिला. श्युरी ही मिश्र मार्शल आर्ट्सच्या खऱ्या लढती खेळून आलेली आहे, त्यामुळे तिच्या लाथेत आणि सांध्यांच्या पकडीत जी धार आहे ती कुस्ती जाणणाऱ्या मराठी माणसाला ताबडतोब पटेल. माझ्या वडिलांना मी ही लढत दाखवली. ते वीसेक मिनिटे काही बोलले नाहीत आणि मग एवढेच म्हणाले, “पोरींचा खुराक तपासायला पाहिजे, दम कुठनं आणतात?”

मालकी बदलल्यावर संस्थेचा आवाका वाढला. पत्त्यांच्या खेळांच्या व्यवसायातून मोठी झालेली आणि ‘न्यू जपान प्रो रेसलिंग’ची मालकी असलेली बुशिरोड ही कंपनी २०१९ च्या अखेरीस ‘स्टारडम’चीही मालक झाली. लगोलग ४ जानेवारी २०२० रोजी टोकियो डोममधल्या ‘न्यू जपान’च्या वार्षिक कार्यक्रमाआधी ‘स्टारडम’च्या चौघींची लढत झाली, पुढच्या वर्षी बुदोकान आणि २०२३ मध्ये योकोहामा अरीना असा प्रवास झाला. मोठ्या सभागृहांत रोषणाई आणि प्रवेशाचे देखावे डोळे दिपवतात. तरीही मी कोराकुएन हॉलच निवडीन, कारण अरीनात मॅटवर पडलेल्या मुलीचा आवाज माझ्यापर्यंत पोहोचत नाही.

ज्या गोष्टी मला खटकतात त्याही सांगते. एक म्हणजे कार्यक्रमांची गर्दी. वर्षभर गावोगावचे दौरे, त्यात उन्हाळ्याच्या सुमारास ‘फाइव्ह स्टार ग्रांप्री’ ही साखळी स्पर्धा. तिच्यात एकेक मुलगी थोड्या आठवड्यांत अनेक एकेरी लढती खेळते आणि स्पर्धा संपेपर्यंत कोणाच्या खांद्याला तर कोणाच्या गुडघ्याला पट्ट्या दिसू लागतात. प्रेक्षक म्हणून मला ही स्पर्धा अतिशय आवडते, गुणतक्ता वहीत लिहून ठेवण्याइतकी आवडते, पण लढती कमी करून मुलींना विश्रांती दिली तर मी एक पैसाही कमी देणार नाही. दुसरे म्हणजे गटांचा गुंता. प्रत्येक मुलगी कोणत्या ना कोणत्या गटात असते, गट फुटतात, विलीन होतात, नावे बदलतात, आणि सहा महिने खंड पडलेल्या प्रेक्षकाला ओळख पटवतानाच पहिले तीन सामने जातात. सहा किंवा आठ जणींच्या गटांच्या लढती दौऱ्यावर भरणा म्हणून ठेवल्या जातात आणि त्यांतल्या बऱ्याचशा दुसऱ्या दिवशी आठवतही नाहीत.

तिसरी गोष्ट खटकण्याच्या पलीकडची आहे. हाना किमुरा ही या संस्थेची बावीस वर्षांची, उंच, हसरी, गुलाबी केसांची कुस्तीगीर एका रिअॅलिटी कार्यक्रमातल्या प्रसंगावरून समाजमाध्यमांवर झालेल्या भयंकर शिवीगाळीनंतर २३ मे २०२० रोजी गेली. तिची आई क्योको किमुरा स्वतः कुस्तीगीर होती आणि तिने त्यानंतर कायद्यात बदलासाठी लढा दिला. २०२२ मध्ये जपानने ऑनलाइन अपमानासह अवमानाच्या गुन्ह्याची शिक्षा एक वर्षापर्यंतच्या कैदेपर्यंत वाढवली. या मुली रोज संध्याकाळी सर्वांसमोर हरण्याचे, रडण्याचे, चिडण्याचे काम करतात. ते पाहणाऱ्याने घरी जाऊन मोबाइलवर त्यांना काय लिहावे, याची जबाबदारी पाहणाऱ्याचीच आहे आणि त्या जबाबदारीत मी स्वतःलाही धरते.

चांगल्या कुस्तीगीर टिकवता न येणे हे या संस्थेचे जुने दुखणे आहे. आपल्याकडे दूरचित्रवाणीवर डब्ल्यूडब्ल्यूई पाहणारे ज्यांना इयो स्काय आणि कायरी सेन म्हणून ओळखतात, त्या दोघी इयो शिराई आणि कायरी होजो या नावांनी इथेच घडल्या आणि २०१७-१८ मध्ये अमेरिकेला गेल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर संस्थापक ओगावा यांच्याशी असलेला करारच संस्थेने संपवला. त्यांनी ‘मॅरिगोल्ड’ ही नवी संस्था काढली आणि जुलिया, उतामी हायाशिशिता, मिराई, माई साकुराई अशा बिनीच्या मुली तिकडे गेल्या. तो वसंत ऋतू चाहत्यांना जड गेला. कोराकुएन हॉलमध्ये बसून आपण आता कोणासाठी येतो आहोत, असा प्रश्न मलाही पडला होता.

उत्तर साया कामितानीने दिले. लहानपणापासून नृत्य शिकलेली, वरच्या दोरावरून हवेत उलटी फिरून अंग झोकून देणारी ही मुलगी आधी सर्वांची लाडकी होती आणि पांढरा पट्टा तिने १५ वेळा राखला होता. जुलै २०२४ मध्ये तिने आपल्याच गटाशी दगा केला आणि ‘हेट’ या खलगटात सामील झाली. २९ डिसेंबर २०२४ रोजी र्‍योगोकु कोकुगिकान या सुमोच्या सभागृहात तिने ताम नाकानोकडून लाल पट्टा हिसकावला. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये हरणारीने संस्था सोडायची, आणि २७ एप्रिलला योकोहामा अरीनात हरणारीने कुस्तीच सोडायची, अशा बोलींवर दोघी पुन्हा भिडल्या आणि दोन्ही वेळा ताम हरली. चार वर्षांपूर्वी जुलियाचे केस घेणारी ताम त्या रात्री कायमची निवृत्त झाली. शेवटच्या काही मिनिटांत दोघीही इतक्या थकल्या होत्या, की एकमेकींना मारायला हात वर करताना त्यांना एकमेकींचाच आधार घ्यावा लागत होता. माझ्या शेजारच्या आसनावर पन्नाशीच्या घरातले एक गृहस्थ होते. तामच्या नावाचा टॉवेल त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला होता आणि निकाल लागल्यावरही बराच वेळ तो खाली घेतला नाही. त्यांच्या मागे बसलेल्या एकाही माणसाने त्यांना टॉवेल खाली करायला सांगितले नाही.

जपानला येणाऱ्यांसाठी काही उपयोगाच्या गोष्टी. तिकिटे शक्यतो आधी काढावीत; बऱ्याच जपानी तिकीटविक्रीच्या संकेतस्थळांवर इथला दूरध्वनी क्रमांक लागतो, त्यामुळे इथे राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला सांगितलेले बरे. कोराकुएन हॉलमध्ये रिंगलगतच्या महागड्या खुर्च्यांपेक्षा दक्षिणेकडच्या पायऱ्यांच्या आसनांवरून उत्तम दिसते, कारण ती उतरत्या रचनेची आहेत आणि समोरच्याचे डोके आड येत नाही. रिंगलगत बसलात तर लढत दोराबाहेर, तुमच्या खुर्चीपर्यंत येऊ शकते. अशा वेळी ट्रॅकसूटमधल्या नवख्या मुली धावत येऊन तुम्हाला बाजूला व्हायला सांगतात, आणि तेव्हा सामान जागेवर टाकून ताबडतोब उठावे. भाषा येत नसेल तरी सामने समजतात. शेवटच्या सामन्यानंतर विजेती ध्वनिक्षेपक हातात घेऊन जे बोलते ते मात्र जपानीत असते, आणि पुढच्या महिन्याची निम्मी कथा त्यात असते, हा भाषा न येणाऱ्याचा खरा तोटा आहे. आजच्या क्षणावर विश्वास ठेवा आणि उद्या झळाळा, अशा अर्थाचा घोष सर्वांनी मिळून केला की कार्यक्रम संपतो.

महाराष्ट्रात बसून पाहणाऱ्यांसाठी संस्थेची स्वतःची ऑनलाइन सेवा आहे आणि मोठ्या कार्यक्रमांना इंग्रजी समालोचनही मिळते. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्यामुळे इथे संध्याकाळी साडेसहाला सुरू होणारा कार्यक्रम तिकडे दुपारी तीनला सुरू होतो. घरात मुली असतील तर त्यांना सोबत बसवा, आणि सुरुवात जूनच्या त्या उतामी-श्युरी लढतीने करा.

प्रत्यक्ष आलात तर पहिल्या सामन्याला जागेवर असा. त्या संध्याकाळी पहिल्या सामन्यात हरलेली ती मुलगी मला तासाभराने पुन्हा दिसली. किताबाच्या लढतीआधी दोन्ही कुस्तीगिरांची नावे पुकारली जात असताना चारही बाजूंनी रंगीत कागदी फितींचा पाऊस पडला आणि ट्रॅकसूट घातलेली ती दोरांखालून आत शिरली. पाठ अजून दुखत असावी, कारण वाकताना तिने एक हात कंबरेवर ठेवला होता. दुसऱ्या हाताने ती फितींचे भेंडोळे छातीशी गोळा करत होती. मॅटवर एकही तुकडा उरला नाही याची खात्री करून ती बाहेर उतरली, दोराशेजारी उभी राहिली आणि पूर्ण अर्धा तास तिने रिंगवरची नजर हलवली नाही.